मदत हवी आहे : कॅटरिनानंतर लुइझियानाची दलदल बुडाली की कायमची गेली, हे कसं वेगळं करायचं?

2005 च्या कॅटरिना आणि रिटा या वादळांनंतर अमेरिकेतल्या लुइझियाना राज्याच्या किनाऱ्यावर साधारण 560 चौरस किमी जमीन पाण्याखाली गेली. लँडसॅट 5 या उपग्रहाच्या 2004 ते 2010 मधल्या चित्रांवरून तिथल्या ब्रेटन साउंड या किनारी भागातली कायमची हानी काढायची आहे. हिरव्या (बँड 2) आणि लघुलहरी अवरक्त (बँड 5) पट्ट्यांतून जल-निर्देशांक (पाणी आणि जमीन वेगळी दाखवणारा आकडा) काढलाय, पण तीन ठिकाणी गाडं अडतंय.

पहिली आणि सगळ्यात मोठी अडचण पाण्याच्या पातळीची. इथे भरती-ओहोटीचा फरक जेमतेम 30 सेंमी, त्यामुळे वाऱ्याचाच जोर जास्त. हिवाळ्यात उत्तरेचा वारा खाडीतलं पाणी बाहेर ढकलतो आणि उघडा चिखल जमीन म्हणून मोजला जातो. दक्षिणेच्या वाऱ्यात उभं गवतसुद्धा पाणी ठरतं. चित्राच्या वेळेची भरतीमापकाची नोंद बघून चित्रं गाळावीत, की प्रत्येक पिक्सेलमध्ये किती वेळा पाणी दिसलं याची अनेक वर्षांची वारंवारता काढावी? माझा कल दुसऱ्या पर्यायाकडे आहे.

दुसरं, तरंगती जलपर्णी जमीन म्हणून येते.

तिसरं, कमी क्षारतेच्या दलदलीत मुळं उथळ असतात, म्हणून लाटांनी गवताचे गालिचेच्या गालिचे उपटले आणि दुमडून दुसरीकडे टाकले. हे ढीग नवी जमीन वाटतात, पण पुढे खचतात. वादळानंतर किती वर्षांची चित्रं पाहिल्यावर हानी कायमची म्हणावी? शिवाय 30 मीटरच्या पिक्सेलमध्ये अर्धं गवत, अर्धं पाणी असेल तर पाणी की जमीन हे ठरवणारा निर्देशांकाचा उंबरठा कसा ठरवता?

हे काम केलेल्यांनी कृपया पद्धत सविस्तर सांगा.