छोट्या कंपन्यांचं ऑडिट बंद करायचं का?

जमाखर्च
दोन दिवस आमच्या व्हॉट्सअॅप गटात एक पोस्ट फिरतेय. तिचा सारांश असा: लेखा मानकं, म्हणजे हिशोब कसे मांडायचे याचे नियम, लंडनमध्ये लिहिली जातात आणि आपल्यासारख्या देशातल्या छोट्या कंपन्यांवर लादली जातात. खुद्द ब्रिटनमध्ये छोट्या कंपन्यांना ऑडिटची सक्ती नाही, आपल्याकडे आहे, कारण सीएंची रोजीरोटी चालली पाहिजे.

शेवटच्या वाक्याने माझं डोकं फिरलं. सदाशिव पेठेत एकोणीस वर्षं प्रॅक्टिस करतोय. उत्तर लांबलचक आहे, पण पूर्ण वाचा.

लंडनच्या मानकांवर बेतलेलं इंड एएस (नवी भारतीय लेखा मानकं) आपल्याकडे १ एप्रिल २०१६ पासून सक्तीचं झालं, तेही ५०० कोटी किंवा त्याहून जास्त नक्त मूल्याच्या (मालमत्ता वजा देणी) कंपन्यांना. वर्षभराने २५० कोटींच्या आणि शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या आल्या. भोसरीतल्या चार मशीनच्या शेडला ते लागतच नाही. तिला आपली जुनी एएस, म्हणजे आधीपासूनची लेखा मानकं, आणि त्यातही रोख प्रवाह पत्रकासारख्या गोष्टींत सूट. तेव्हा 'लादलं' कोणावर, ते पोस्ट लिहिणाऱ्याने सांगावं.

सगळ्यांना सारखी लागतात ती ऑडिटची मानकं, म्हणजे ऑडिटरने तपासणी कशी करायची याचे नियम. ती काय म्हणतात? माल महत्त्वाचा असेल तर मोजणीला स्वतः हजर राहा. बँकेचं शिल्लक पत्र मागवलंत तर ते कंपनीच्या हातून घेऊ नका, थेट बँकेकडून येऊ दे. काय तपासलं ते कागदावर ठेवा. यात लंडन कुठे आलं? आपल्याकडचे जुने दिवाणजीही गल्ला स्वतः मोजल्याशिवाय रोजकीर्द बंद करत नसत. जानेवारी २००९ मध्ये सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीच्या अध्यक्षांनी स्वतःच्या पत्रात लिहून दिलं की ताळेबंदातल्या ५,३६१ कोटींच्या रोख आणि बँक शिलकीपैकी ५,०४० कोटी नव्हतेच. शिल्लक पत्र थेट बँकेकडून घ्यायचा नियम तेव्हाही होता. तो पाळला गेला नाही, आणि त्याची किंमत सगळ्या धंद्याने मोजली.

भोसरीचा लेथ
पोस्ट मी लिहिलेली नाही, पण गटात मीच टाकली. आता ऐका.

आमची कंपनी म्हणजे मी आणि माझा भाऊ. प्रायव्हेट लिमिटेड का केली? मोठ्या गिऱ्हाइकाने सांगितलं, प्रोप्रायटरला व्हेंडर कोड, म्हणजे पुरवठादार म्हणून नोंद, मिळणार नाही. बाहेरचा भागधारक एकही नाही. मग ऑडिटरचा अहवाल वाचतो कोण? मी आणि भाऊ. आम्हाला आमची कंपनी माहीत आहे हो.

ऑडिट म्हणजे सप्टेंबरात एक मुलगा दोन दिवस येतो, बिलांच्या फायली चाळतो, चहा पितो. मग साहेबांची सही. सह्याजीरावांना पैसे कशाचे द्यायचे? वर १ एप्रिल २०२३ पासून हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहिलीच पाहिजे. आमची अकाउंटंट बाई तारीख चुकली तर दुरुस्त करायला घाबरते आता.

आणि मानकांचा एवढा अभिमान आहे ना, तर हे सांगा. कायदा म्हणतो लघुउद्योजकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्या. मला ११० दिवसांनी मिळतात. मोठ्या कंपनीला तिच्या ताळेबंदात सूक्ष्म आणि लघु उद्योगांची देणी वेगळी दाखवावी लागतात, थकलेल्या रकमेवरच्या व्याजासकट. माझ्या एका गिऱ्हाइकाचा छापील अहवाल मी उघडून बघितला. व्याजाच्या रकान्यात शून्य! माझं बिल ३१ मार्चला ९४ दिवस जुनं होतं. खाली मोठ्या फर्मची सही. ते ऑडिट खरं आणि माझं फुकटचं?

आर्टिकल दुसरं वर्ष
काका, तो सप्टेंबरात येणारा मुलगा म्हणजे मी. तुमच्याकडचा नाही, पण तसाच, सीएंच्या हाताखाली शिकणारा आर्टिकल.

गेल्या ३१ मार्चला चाकणच्या एका शेडमध्ये माल मोजायला गेले होते. (मुलगी आहे, पण असो.) बुशिंगचे निळे क्रेट रचलेले, प्रत्येकावर खडूने ४००. मी वरचे तीन क्रेट उतरवायला सांगितले. सुपरवायझर म्हणाला, मॅडम, कपडे खराब होतील. उतरवले. वरचा थर चकचकीत, तेल लावलेला. खाली सगळं रिजेक्शन, कास्टिंगला भोकं पडलेली, प्रत्येकावर लाल रंगाची फुली. मग मी सगळेच क्रेट उतरवायला लावले. रात्रीचे साडेनऊ झाले. याच मालावर बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा, म्हणजे माल तारण ठेवून मिळणारं कर्ज, होती.

आमच्या सरांनी मालक काकांना समोर बसवून स्टॉक ११ लाखांनी कमी करायला लावला. पुढच्या वर्षी ते काम आमच्याकडे राहिलं नाही. हे मानकांमुळे झालं का सरांमुळे, मला माहीत नाही. पण 'चहा पितो' वाचून वाईट वाटलं.

भोसरीचा लेथ
पोरी, तुला उद्देशून नव्हतं. तुझ्यासारखी आली तर मी स्वतः क्रेट उतरवीन. माझ्याकडे गेल्या सहा वर्षांत मोजायला कुणी आलेलं नाही, एवढंच म्हणणं आहे.

ठेवीदार सहकारनगर
तुम्ही कंपन्यांचं बोलताय. मी शिक्षिका होते, ३४ वर्षं. निवृत्तीचे आठ लाख घराजवळच्या पतसंस्थेत ठेवले. काउंटरच्या मागे भिंतीवर चौकट होती: 'ऑडिट वर्ग अ'. रोज सकाळी शिपाई तिला हार घालायचा. मी ती चौकट बघून पैसे ठेवले, व्याज बघून नाही. दीड वर्षाने शटर खाली. आजवर एक लाख साठ हजार परत आलेत, तेही हप्त्याहप्त्याने.

कुठलं मानक पाळून तो 'अ' दिला, कोणी सांगेल का मला?

निवृत्त सहकार
ताई, मी सहकार खात्यात लेखापरीक्षक होतो, म्हणून उत्तर देणं भाग आहे. वर्ग गुणांवर ठरतो. भांडवल, वसुली, कामकाज, नोंदी, सगळ्याचे गुण. तो ठेवीची हमी नसतो.

आमच्या वेळी खात्याचा माणूस जायचा, संस्थेला तो निवडता येत नसे. २०१३ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण सभा शासनाच्या नामतालिकेतून (मान्य ऑडिटरांच्या यादीतून) ऑडिटर नेमते. सभा म्हणजे कोण? संचालक आणि त्यांची माणसं. ज्याची तपासणी व्हायची त्यानेच तपासनीस निवडायचा. सगळ्या दुखण्याचं मूळ हेच.

जमाखर्च
साहेब, खात्याच्या काळातल्या बुडालेल्या संस्था मोजायला बसू का? खात्याचं ऑडिट तीन-तीन वर्षं मागे असायचं. संस्था बुडाल्यावर अहवाल यायचा. मी स्वतः असे अहवाल वाचलेत.

निवृत्त सहकार
माणसं नव्हती म्हणून मागे असायचं. एकेका तालुक्याला किती संस्था आणि किती लेखापरीक्षक, हे पेठेतल्या ऑफिसात बसून कळत नाही. एसटीने जाऊन, डबा खाऊन काम केलंय आम्ही. कर्ज नवं-जुनं केलेलं आम्ही व्हाउचरच्या तारखेवरून पकडायचो. ३० मार्चला जुनं कर्ज फिटलं, त्याच दिवशी त्याच माणसाला व्याजासकट तेवढंच नवं, म्हणजे थकबाकी कागदावर दिसतच नाही. तुमच्या नामतालिकेतल्या किती जणांनी ते लिहिलं?

जमाखर्च
मी लिहिलं. २०१७ साली एका पतसंस्थेत तशी २३ खाती काढली. अध्यक्ष ऑफिसात पेढे घेऊन आले होते, अहवाल वाचून पेढ्यांचा पुडा उचलून परत घेऊन गेले. पुढच्या सभेत दुसरा ऑडिटर. तेव्हा आरोप जपून करा.

निवृत्त सहकार
मग तुम्ही माझंच म्हणणं सिद्ध केलंत.

ठेवीदार सहकारनगर
तुमचं दोघांचं भांडण चाललंय आणि माझा प्रश्न तसाच राहिला. ती २३ खाती ठेवीदारांना कोणी सांगितली का?

जमाखर्च
नाही, ताई. अहवाल संस्थेला आणि सहकार खात्याच्या निबंधकांना गेला. ठेवीदाराला मी काही कळवलं नाही, कळवायची पद्धत नाही. तुम्ही विचारल्यावर बरं वाटलं नाही, हे खरं सांगतो.

भोसरीचा लेथ
मी पोस्ट टाकली कंपन्यांची आणि धागा गेला पतसंस्थांवर. पण चांगलं झालं. माझ्या आईचे पैसे रुपी सहकारी बँकेत होते. २०१३ च्या फेब्रुवारीत रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, २०२२ साली परवाना रद्द झाला. साडेनऊ वर्षं तिच्या तोंडी एकच विषय. निदान बँकेच्या ठेवीला विमा असतो, २०२० पासून पाच लाखांपर्यंत. पतसंस्थेला तोही नाही. आता ताईंचं वाचून मला एवढं पटलं की जिथे दुसऱ्याचे पैसे आहेत तिथे ऑडिट कडकच हवं. माझ्या शेडमध्ये दुसऱ्याचे पैसे नाहीत.

जमाखर्च
कॅश क्रेडिट नाही तुमच्याकडे?

भोसरीचा लेथ
आहे. साठ लाखांची.

आर्टिकल दुसरं वर्ष
काका, मग ते पैसे बँकेच्या ठेवीदारांचे झाले ना. या ताईंसारख्यांचेच.

भोसरीचा लेथ
बरं. कर्ज असेल त्याला ऑडिट. हे मान्य, पण मनापासून नाही. ज्याच्याकडे ना कर्ज, ना ठेव, ना बाहेरचा भागधारक, त्याला तरी सोडा.

जमाखर्च
त्याला सोडायला माझी हरकत नाही. एलएलपीला (मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीला) उलाढाल ४० लाखांच्या किंवा भांडवल २५ लाखांच्या आत असेल तर आजही सक्ती नाही. तसंच कंपनीला करता येईल. एनएफआरए या ऑडिटवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने २०२१ साली छोट्या कंपन्यांच्या ऑडिटवर मतं मागवली होती, तेव्हा माझ्यासकट ओळखीचे बहुतेक सीए चिडले होते. आज मी एवढा चिडणार नाही. आणि तुमच्या ९४ दिवसांच्या बिलाचं उत्तर माझ्याकडे नाही. तो आकडा शून्य असायला नको होता. सही करणाऱ्याने पुरवठादारांची यादी आणि त्यांची उद्यम (लघुउद्योग) नोंदणी ताडून बघायला हवी होती. मोठ्या फर्मने केलं म्हणून ते बरोबर ठरत नाही.

पण सह्याजीराव हा शब्द मागे घ्या.

भोसरीचा लेथ
येत्या ३१ मार्चला माझ्या शेडमध्ये मोजायला कोणी आलं, तर घेईन.

निवृत्त सहकार
ताई, कामाचं सांगतो. ऑडिटमध्ये निघालेल्या दोषांवर संस्थेला 'ओ' नमुन्यात दोष दुरुस्ती अहवाल द्यावा लागतो आणि तो सभेपुढे ठेवावा लागतो. तुमच्याकडे पतसंस्थेचे जुने छापील वार्षिक अहवाल असतील, तर विषयपत्रिका बघा, तो विषय होता का. आणि कर्जाच्या पानावर दोन्ही वर्षांची थकबाकी शेजारी ठेवून बघा.

ठेवीदार सहकारनगर
अहवाल आहेत. ट्रंकेत. उद्या काढते. पण मला तो चष्मा लावूनही कळेल असं वाटत नाही.

आर्टिकल दुसरं वर्ष
ताई, मी पद्मावतीला राहते. रविवारी मला सुट्टी असते, येऊ का?