बायबलमधून व्यक्तिमत्त्व विकास शोधावा का?

कळमनेकर
सलाम. नागपूरच्या कळमना बाजारात अडत दुकानावर हिशेब लिहितो. सदर भागातल्या आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दर शुक्रवारी तरुणांचा बायबल अभ्यास असतो, यंदा विषय घेतलाय ‘बायबलमधून व्यक्तिमत्त्व विकास’. वडीलधारे नाराज आहेत. देवाचं वचन म्हणजे काय यशाची गुरुकिल्ली आहे का, असं विचारतात.

मला मात्र हे वाचन उपयोगी पडलंय. बायबलमधल्या नीतिसूत्रे या पुस्तकात, ६:६ मध्ये, आळशाला मुंगीकडे पाठवलंय. तिच्यावर मुकादम नाही, तरी ती वेळेत साठवण करते. आणि ११:१ म्हणतं, खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट येतो. ही ओळ मी आधीच्या दुकानावर असताना वाचली होती. मृगाचा संत्रा सुरू होता. रात्री काटोलकडची गाडी आली, शेतकरी इतका थकलेला की क्रेटला टेकूनच झोपला. मालक हळूच म्हणाले, क्रेटमागे अर्धा किलो कमी लिही. पेन हातात, काट्यावर आकडा समोर, आणि तीच ओळ डोक्यात. पूर्ण वजन लिहिलं. आठवड्यात काम गेलं, पण त्या रात्रीपासून मी स्वतःला ओळखतो.

शंकरनगर_वाचक
भाऊ, तुम्ही केलं ते फार मोठं आहे. पण तुमचंच उदाहरण तुमच्या विषयाच्या विरोधात जातं. वचन पाळलं आणि नोकरी गेली! मत्तय १६:२४ मध्ये येशू सांगतो, माझ्यामागे यायचं तर स्वतःला नाकारा, वधस्तंभ उचला. स्वतःला घडवण्याच्या शिबिरात हे कोण सांगतं?

ओळी तोडून वापरायची सवय तर फारच वाईट. ‘मी सर्व काही करू शकतो’ हे फिलिप्पै ४:१३ मी जिमच्या भिंतीवर पाहिलंय. प्रेषित पौलाने ते कैदेतून लिहिलं, आणि वरच्याच दोन ओळींत तो भरल्या पोटी नि उपाशीपोटीही तृप्त राहायला शिकलो म्हणतो. त्या ‘सर्व काही’त उपास येतो. यिर्मया २९:११ मधल्या हिताच्या योजना दहावीच्या शुभेच्छापत्रावर छापतात. त्याच्या आधीची ओळ वाचा: बाबेलात बंदिवासाची सत्तर वर्षं. यिर्मया संदेष्ट्याचं ते पत्र बंदिवासात ऐकणाऱ्या बहुतेक मोठ्या माणसांना परतीची वाट दिसणारच नव्हती.

आपल्याच भागातलं सांगतो. कवी ना. वा. टिळकांना राजनांदगावला जाताना आगगाडीत एका प्रवाशाने नवा करार दिला. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि घरदार दुरावलं. याला विकास म्हणायचं असेल तर शब्दाचा अर्थ आधी ठरवा.

महाल_निवासी
मी ख्रिस्ती नाही, तरी बोलतो. आपण गीता वाचतो, तुकोबा वाचतो, धम्मपद वाचतो, आपल्या कामाचं घेतो नं? मग इथे का अडून राहिले? निर्गम १८ मध्ये इस्राएल लोकांचा पुढारी मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडे करत बसतो. सासरा इथ्रो म्हणतो, अशाने तूही थकशील अन् लोकही. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. मी ऑफिसात बावीस जणांचं काम स्वतःच्या अंगावर घेऊन बसलो होतो. हे वाचलं अन् वाटून दिलं. श्रद्धा नसली तरी शहाणपण शहाणपणच राहते.

जरीपटका_ताई
माझा विरोध दुसऱ्या कारणासाठी आहे. आमचं शिलाईचं दुकान बुडालं तेव्हा एक प्रचारक घरी येऊन म्हणाले, तत्त्वं पाळली असती तर आशीर्वाद टिकला असता. माझे मिस्टर तेव्हा जेवायला बसले होते. तसेच ताटावरून उठले. पुढे कितीतरी महिने ते उपासनेला आले नाहीत.

‘असं वागा, तसं मिळेल’ हे एकदा मनात बसलं की न मिळालेल्या माणसावर दोष येतो. बायबलमधला ईयोब निर्दोष असून सगळं गमावतो, त्याचे मित्र हेच करतात, आणि ४२:७ मध्ये देवाचा राग त्या मित्रांवरच होतो. दादा, तुमच्या शुक्रवारी ईयोब आहे का?

कळमनेकर
ताई, नव्हता. वाचून वाईट वाटलं. येत्या शुक्रवारी ईयोबच घेतो.

शंकरनगरवाले सर, विकास म्हणजे पगार असं मी कुठे म्हटलं? ज्यांनी हा ग्रंथ जपला त्यांनी नीतिसूत्रे आणि ईयोब दोन्ही ठेवले. मुंगीसारखं राबून पीक हाती येतं, आणि कधी गारपिटीत जातं. काटोलच्या शेतकऱ्याला दोन्ही ठाऊक असतं. मुलांना दोन्ही वाचू द्या. विषयाचं नाव मी बदलणार नाही. ते नाव ऐकून आमच्या बाजारातली दोन हमाल पोरं आली, ज्यांनी आधी बायबल हातातसुद्धा धरलं नव्हतं.

शंकरनगर_वाचक
पोरं आली याचा आनंद आहे. पण ती ज्या नावाने आली तेच शोधत राहतील. नावाला माझा विरोध कायम. ईयोबाच्या शुक्रवारी मी येतो, तिथे मुलांसमोरच बोलू.