'पार्टी'ला काय म्हणावं? (जुन्या आरपीजींच्या लेखात अडलेला शब्द)

वेलदोडा
नमस्कार मंडळी. आमच्या तोक्योजवळच्या मंडळाच्या दिवाळी अंकात सुपर फॅमिकॉम या निन्तेंदोच्या गेमच्या यंत्रावरच्या जुन्या आरपीजींवर (रोल-प्लेइंग गेम, म्हणजे पात्राच्या भूमिकेत शिरून खेळायचे व्हिडिओ गेम) लेख देतेय. यंत्र १९९० चं, म्हणजे इथल्या पोरांच्या आईबापांच्या वयाचं. पोरं शाळेत नावं ऐकून येतात आणि घरी कुणाला काही सांगता येत नाही, म्हणून 'सुरुवात कुठून करावी' अशा धर्तीचा लेख आहे. पाच खेळ निवडलेत: ड्रॅगन क्वेस्ट ५, फायनल फँटसी ६, क्रोनो ट्रिगर, मदर २ आणि लाइव्ह अ लाइव्ह.

लेख झालाय, पण 'पार्टी'वर (खेळात आपल्या बाजूनं लढणारी पात्रांची टोळी) गाडी अडली. "पार्टीत लवकरच एक चोर येतो" हे वाक्य वाचून संपादक काकू म्हणाल्या, राजकारण नको गं बाई अंकात. (त्यातून तो फायनल फँटसी ६ मधला लॉक स्वतःला चोर म्हणवून घेत नाही, खजिनाशोधक म्हणवतो. म्हणजे आणखीच राजकारण.)

खरी अडचण पुढे आहे. ड्रॅगन क्वेस्ट ५ मध्ये हरवलेला राक्षस कधीकधी उठून उभा राहतो आणि पडद्यावर ओळ येते. तिचा अर्थ साधारण असा, की तो तुमचा 'नाकामा' (जपानीत सोबती) व्हावंसं वाटत असल्यासारखा तुमच्याकडे बघतोय. घ्यायचं की नाही ते तुम्ही ठरवायचं. मी लिहिलं, "तो तुमच्या संघात सामील होऊ इच्छितो." हे सोसायटीच्या नोटिशीसारखं वाटतंय. त्या ओळीत जो बिचारेपणा आहे तो गेलाच. काही सुचवा.

मास्तर_निवृत्त
'पार्टी' टाळताय हे उत्तम. 'पथक' घ्या. त्याच ओघात लेव्हलला 'पातळी', आरपीजीला 'भूमिकाखेळ' आणि आपल्याकडे गेमच्या ज्या डबीला चुकीने 'कॅसेट' म्हणत त्याला 'काडतूस' करून टाका. मूळ शब्द कार्ट्रिज आहे आणि त्याला मराठी प्रतिशब्द तयार असताना परक्या दारी जायचं कारण नाही.

तिठा
पथक म्हटलं की डोळ्यांसमोर एकतर ढोल-ताशा येतो, नाहीतर अतिक्रमणविरोधी गाडी.

चिंचोका
अहो, भिडू!! यात विचार कसला करायचा?

आमच्या वाड्यात लगोरीला आधी भिडू पाडायचे. दोन म्होरके उभे राहायचे. बाकीच्यांनी जोडीजोडीनं गळ्यात हात टाकून लांब जायचं, गुपचूप नावं ठरवायची आणि येऊन विचारायचं, "वाघ हवा का सिंह?" मी कायम वाघ व्हायचो आणि दोन्ही म्होरके कायम सिंह मागायचे. शेवटी उरलो की कुंपणाशी उभा. तोंडानं काही म्हणायचं नाही, नुसतं बघत राहायचं. वेलदोडाताई, तुमच्या त्या राक्षसाचं तेच चाललंय. "मला पण घ्या ना" असा चेहरा करून बघतोय, असं लिहा आणि मोकळ्या व्हा.

वेलदोडा
चिंचोका, दंडवत! 'मला पण घ्या ना' घेतलंच. पण भिडू दोन बाजूंचे असतात ना? समोरच्या म्होरक्याचेही भिडूच. मला फक्त आपल्या बाजूचे हवेत.

सोलकढी
भिडूवर माझा आक्षेप वेगळा. मुंबईच्या हिंदीनं तो शब्द पार टपोरी करून टाकलाय. फायनल फँटसीतली राजकन्या आणि 'भिडू'? त्यापेक्षा 'सवंगडी'. सवें असलेला गडी.

आणि मास्तर, रागावू नका, पण काडतूस आमच्या गोव्याच्या वाटेनं आलेलं आहे. पोर्तुगीज 'कार्तुशु'. बटाटा आणि पगार आले त्याच बोटीतून उतरलेलं. परकं दार आमचंच, तेव्हा खुशाल या.

मास्तर_निवृत्त
काडतूस १८५७ च्या कथांतून घरोघरी पोचलेला शब्द आहे. चार पिढ्या नांदला की शब्द घरचाच होतो.

तिठा
मग कॅसेटलाही नांदू द्या की. नव्वदीत गल्लीतल्या प्रत्येक पोरानं 'कॅसेट'च म्हटलंय. '९९९९ इन १' अशी पिवळी कॅसेट, आत धड वीस गेम नसायचे. चालली नाही की काढायची, फुंकर मारायची आणि परत घालायची.

वेलदोडा
फुंकर मारू नका हो, थुंकीच्या ओलाव्यानं आतले तांब्याचे दात गंजतात. आणि मास्तर, गंमत म्हणजे जपानीतही बोलताना 'कासेत्तो'च म्हणतात. इथे कुणाला दोन अर्थांचा घोळ होत नाही. तेव्हा आपली गल्ली चुकली नव्हती. लेखात कॅसेटच राहणार.

पाणकोंबडी
आरपीजीला 'भूमिकाखेळ' फार कोरडा वाटतो. 'सोंगखेळ' का नको? भारुडातलं सोंग, दशावतारातलं सोंग. माझा तर असा तर्क आहे की 'सोंगटी' ही सोंगावरूनच आली. पटावर लाकडाचा तुकडा राजाचं सोंग घेऊन उभा, म्हणून सोंगटी. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

तिठा
ऐकायला झकास, पण पुरावा? सोंगट्यांच्या पटात चार रंगांच्या सारख्याच सोंगट्या असतात. राजा, वजीर तिथे कुठून आणलेस?

पाणकोंबडी
बुद्धिबळाच्या मोहऱ्यांनाही सोंगट्या म्हणतातच की. आमची आजी म्हणायची.

मास्तर_निवृत्त
आजी प्रमाण असती तर कोशकारांनी वीस-वीस वर्षं कशाला घालवली असती? शिवाय सोंग घेणाऱ्याचा हेतू फसवण्याचा असतो. 'सोंगाड्या' ही काही पदवी नव्हे.

चिंचोका
मास्तर, सोंग फसवायलाच असतं असं कुणी सांगितलं? एकनाथांनी विंचू चावल्याचं सोंग आणलं ते कुणाला फसवायला?

(माझे मत: सोंगखेळ +१.)

वेलदोडा
मंडळी, माझे भिडू राहिले बाजूला. पण विषय निघालाच आहे तर दुसरी अडचण सांगते. 'टर्न'. फायनल फँटसी ६ च्या लढाईबद्दल एका ठिकाणी मी लिहिलं, "यानंतर टेराची पाळी येते." नवऱ्यानं वाचलं आणि तो चहा सांडेपर्यंत हसला.

सोलकढी
खि खि. 'डाव' लिहा.

तिठा
डाव म्हणजे अख्खी बाजी. शिवाय क्रिकेटनं तो इनिंग्जला देऊन टाकलाय. एका हल्ल्याला 'खेळी' म्हणावं तर तीही शतकाला लागते. पद्धतीबद्दल बोलायचं असेल तर 'आळीपाळीची लढाई' छान आहे. पण फायनल फँटसीचं काय करणार? चौथ्या भागापासून तिथे घड्याळ चालूच राहतं, तुम्ही विचार करत बसलात तर समोरचा थांबत नाही. ती आळीही नाही आणि पाळीही नाही.

चिंचोका
'राज्य'! "कुणावर राज्य?"

तिठा
राज्य म्हणजे भोग. लपंडावात राज्य आलं की भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. इथे उलट, ज्याच्यावर येतं तो दुसऱ्याला बडवतो.

पाणकोंबडी
आणि ग्राइंडिंग? एकाच भुयारात तासन् तास तेच राक्षस मारत फिरणं. मी 'घासणे' म्हणतो. परीक्षेचे घासू असतात तसे गेममधले घासू.

मास्तर_निवृत्त
'तालीम' किंवा 'रियाज' हे भारदस्त शब्द असताना घासणे कशाला? भांडी आहेत का?

सोलकढी
तालीम अरबी, रियाजही अरबी. मास्तर, आज तुमचा दिवस नाही.

'दळण' घ्या. इंग्रजांनी दळायचंच क्रियापद वापरलंय आणि 'तेच ते दळण' हा कंटाळा आपल्या भाषेत आधीपासून आहे. ओढूनताणून काही करावं लागत नाही.

वेलदोडा
दळण! मी 'पातळी वाढवण्यासाठी पुनःपुन्हा लढणे' असं अर्धं पान लिहून बसले होते. इथे त्याला सरळ 'लेव्हल वर चढवणे' म्हणतात, तेही त्यांच्या इंग्रजीतून.

पाणकोंबडी
दळणावरून आठवलं. नवख्या पोराला पहिल्यांदा ड्रॅगन क्वेस्ट ५ देऊ नका. पावलापावलाला न दिसणारे राक्षस अंगावर येतात आणि दळण भरपूर. क्रोनो ट्रिगर द्या. शत्रू बहुतेक समोर दिसतात, लढाई तिथल्या तिथेच होते, आणि दळण जवळजवळ शून्य. ड्रॅगन क्वेस्टचा होरी, फायनल फँटसीचा साकागुची आणि चित्रांना तोरियामा असे तिघे एकत्र आले होते तिथे. १९९५ चा खेळ आहे, पण अजून शिळा वाटत नाही. शेवट डझनभर, त्यामुळे एकदा संपवून परत सुरू करता येतो.

चिंचोका
मी २००९ मध्ये इंग्रजीत आल्यावर डीएसवर (निन्तेंदोचं हातात धरायचं यंत्र) ड्रॅगन क्वेस्ट ५ खेळलो, तेव्हा सुपर फॅमिकॉमचं माहीत नाही. पण त्यात नायक आधी सहा वर्षांचा पोर असतो. बाप बरोबर असतो, बाप एका फेरीत दोनदा हाणतो, लढाई संपली की पोराच्या जखमा भरतो. पोरगं नुसतं काठी घेऊन मधेमधे. अहो, हा लिंबूटिंबू झाला! लिंबूटिंबू म्हणून खेळात घेतलेलं पोर मोठं होतं, लग्न करतं, बाप होतं. दुसऱ्या कुठल्या खेळात आहे हे? दळण असेना का. पुढे त्या बापाचं जे होतं ते बघून मी, दोन पोरांचा बाप, लोकलमध्ये रडलोय.

सोलकढी
लग्न कुणाशी लावलंत ते आधी सांगा.

चिंचोका
हे काय विचारणं झालं? बियांका. बालमैत्रीण सोडून पैसेवाल्याच्या पोरीशी लग्न करणारा माणूस भिडू म्हणून घेण्याच्या लायकीचा नाही.

सोलकढी
फ्लोरानं काय पाप केलंय? सासरे वर ऐवज देतात.

मास्तर_निवृत्त
म्हणजे हुंडा.

वेलदोडा
इथे तीस वर्षं याच्यावर भांडणं चाललीत, तुम्ही नवे नाही. पण मास्तर, तुम्ही खेळायला लागलात वाटतं!

मास्तर_निवृत्त
नातीचं यंत्र आहे. ती मदर २ खेळते. त्यातला बाप फक्त फोनवर असतो, बँकेत पैसे टाकतो आणि खेळ जपून ठेवायचा तर त्यालाच फोन लावावा लागतो. मधेच तो म्हणतो, बराच वेळ झाला, जरा विश्रांती घे. माझा मुलगा दुबईत आहे. नात तो फोन आला की खरंच यंत्र बंद करते, मी सांगून करत नाही.

'सेव्ह'ला 'जपणे' म्हणावं असं माझं मत आहे. 'साठवणे' लोणच्याला.

तिठा
जपणे पटलं. पहिल्यांदाच सहमत.

पाणकोंबडी
जपून तरी काय उपयोग? जुन्या कॅसेटमधली बटणासारखी बॅटरी मेली की सगळं पुसलं जातं. माझं फायनल फँटसी ६ असंच गेलं, चौदाच्या चौदा पात्रं. बॅटरी बदलायची आहे, पण कॅसेटचे स्क्रू विचित्र आहेत, साधा स्क्रूड्रायव्हर लागत नाही.

वेलदोडा
३.८ मिलिमीटरचा खास पाना मिळतो, आतून खाचा असलेला. बॅटरी डाग देऊन जोडलेली असते, तो डाग वितळवून काढावी लागेल. काढल्यावर उरलंसुरलं जपलेलंही जाईल, हे धरून चाल.

बरं, उद्या सकाळी मजकूर द्यायचाय. सवंगडी की भिडू? हात वर करा.

मास्तर_निवृत्त
'पाना' कुठून आला असावा? स्पॅनरमधला 'स' गळाला असा माझा तर्क.

सोलकढी
थांबा, आमच्याकडे बापूस वेगळाच शब्द वापरायचा त्याला. घरी फोन करून विचारते.