मदत हवी आहे: पॉप-अप कॅम्परची ऑर्डर रखडली आहे

मी लातूरचा. इसुझू व्ही-क्रॉस या पिकअप गाडीच्या हौद्यावर बसणारा, छत वर उचलता येणारा कॅम्पर (प्रवासात झोपण्या-राहण्याची खोली) परराज्यातल्या एका छोट्या कारखान्याला सांगितला. वायदा चार महिन्यांचा, आता आठ झाले. निम्मे पैसे दिलेत, पावतीवर फक्त रक्कम आहे, तारीख नाही. फोन केला की कधी छताचा कॅनव्हास आला नसतो, कधी आधीची गाडी बाकी असते. फोटोत नुसता सांगाडा दिसतो. माणसं प्रामाणिक आहेत, एका वेळी एकच कॅम्पर बांधतात, म्हणून ऑर्डर रद्द करायची नाही. वाळूजला दोन फॅब्रिकेटरांना विचारलं. साधी पेटी करू म्हणाले, उचलतं छत नको. मेच्या उन्हाआधी आईवडिलांना घेऊन निघायचंय.

ज्यांनी असं काम करून घेतलंय त्यांनी सांगा: उरलेले पैसे कामाच्या टप्प्यांवर देण्याचं आता लेखी ठरवायचं तर कोणते टप्पे धरावेत?