थ्रिलरचा पहिला सीन: लपवायचं किती, दाखवायचं किती?

काळीकाच:
१५ मिनिटांच्या शॉर्टफिल्मचा पहिला सीन अडलाय. रात्री साडेदहा, मेडिकल बंद व्हायची वेळ. दुकानदार शटर अर्धं ओढतो, तेवढ्यात एक माणूस वाकून आत शिरतो. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय झोपेच्या गोळ्या मागतो, नकार मिळाल्यावर निघून जातो. मग दुकानदाराला काउंटरपाशी त्याची कापडी पिशवी दिसते. पिशवीत काय आहे ते फिल्मच्या शेवटी कळतं. सीन २ मिनिटं ४० सेकंदांचा आहे. त्या माणसाचा चेहरा अंधारात ठेवलाय, संगीत पहिल्या फ्रेमपासून आहे. रफ कट (कच्चं संकलन) बघणारे सगळे म्हणतात, मूड छान, पण संथ. कुठे कापू?

पटकथा_कट्टा:
कापाकापी नंतर. आधी ठरवा, प्रेक्षकाला दुकानदारापेक्षा जास्त ठाऊक असणार की कमी? सध्या दोघांनाही सारखंच ठाऊक आहे. पिशवी दिसेपर्यंत काळजी वाटावी असं समोर काहीच नाही, मग प्रेक्षक नुसता वाट बघत बसतो.

ऑर्सन वेल्सचा 'टच ऑफ ईव्हिल' (१९५८) पुन्हा बघा. सुरुवातीलाच हातातला टाइम बॉम्ब दिसतो. काटा सुमारे तीन मिनिटांवर फिरवला जातो, बॉम्ब गाडीच्या डिकीत जातो आणि स्फोटापर्यंत एकही कट नाही. गाडी सीमेवरच्या गावातून रमतगमत निघते, गर्दीत अडते, पायी चाललेले नायक आणि त्याची बायको पुन्हा पुन्हा तिच्या जवळ येतात. नाक्यावर गाडीतली बाई डोक्यात टिकटिक होतेय म्हणते, तिच्याकडे कुणी लक्ष देत नाही. काय, कुठे, किती वेळ हे तिन्ही सांगून टाकलंय. बॉम्ब कुणी आणि का ठेवला, एवढंच लपवलंय.

तुम्हीही पिशवी आधी दाखवा. माणूस ती खाली ठेवतो आणि पायाने काउंटरच्या कडेला सरकवतो, हे गोळ्यांचं बोलणं सुरू व्हायच्या आत. क्लोजअप, दीड-दोन सेकंद. गोळ्या निव्वळ निमित्त आहेत हे प्रेक्षकाला कळलं, दुकानदाराला नाही. पिशवी उघडायची गरजच नाही. आणि मुदत तुमच्याकडे आयती आहे: शटर पूर्ण खाली यायचंय.

कटपॉइंट:
बाकी सगळं पटलं, क्लोजअप नको. वेगळा कापून दाखवला की तो 'हे बघा' म्हणून ओरडतो. कॅमेरा काउंटरच्या टोकाला, गुडघ्याच्या उंचीवर लावा. एका बाजूला खाली बसून गल्ला आवरणारा दुकानदार, दुसऱ्या बाजूला पाय आणि पिशवी, मधे काउंटरची फळी. दोघं एकाच फ्रेममध्ये असले की तो आत्ता वळेल का, ही धाकधूक आपोआप येते. चाचणीत पिशवी कुणाच्याच लक्षात आली नाही तर तिचा रंग भडक करा, शॉट लांबवू नका.

चेहरा अंधारात ठेवायचा हट्ट सोडा. ट्यूबलाइटच्या दुकानात काळा चेहरा खोटा वाटतो, प्रेक्षकाला दिग्दर्शकाची लपवाछपवी दिसायला लागते. चेहरा दाखवा, हेतू लपवा. कॅमेऱ्याचा शटर स्पीड १/५० सेकंद ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, १/६० वर बऱ्याच ट्यूब आणि एलईडींखाली पट्टे सरकताना दिसतात.

माणूस आत येण्याआधी किती सेकंद जातात?

काळीकाच:
५५. रस्ता, कुत्रं, दुकानाची पाटी, मग शटर.

कटपॉइंट:
संथपणा तिथेच आहे. पहिले तिन्ही काढा, शटरच्या खडखडाटावर उघडा. आत यायला १५ सेकंद पुरे. वाचलेले ४० मधल्या संवादात घालू नका. त्यातले दहाएक सेकंद तो गेल्यानंतर द्या: दुकानदार दिवे मालवतोय, पिशवी फ्रेममध्येच आहे.

निनाद_ध्वनी:
संगीताबद्दल कुणी बोललं नाही. पहिल्या फ्रेमपासून वाजलं की घाबरायचं काम संगीतच करून टाकतं. 'टच ऑफ ईव्हिल'च्या त्या पहिल्या शॉटवरही स्टुडिओने श्रेयनामावली आणि हेन्री मॅन्सिनीचं संगीत चढवलं होतं. वेल्सच्या टिपणाच्या आधारे संकलक वॉल्टर मर्चने १९९८मध्ये नवं संकलन केलं, त्यात दोन्ही काढून बारमधली गाणी आणि गाडीचा रेडिओ ठेवला. त्यामुळे गाडी फ्रेमबाहेर असली तरी जवळ आल्याचं कानाला कळतं.

मेडिकलमध्ये तुमच्याकडे इन्सुलिनचा फ्रिज आहे. त्याची घरघर चालू ठेवा आणि पिशवी सरकते त्या क्षणी कॉम्प्रेसर बंद पडू द्या. ही घरघर वेगळी रेकॉर्ड करा: फ्रिज चालू असताना एक मिनिट, बंद असताना एक मिनिट, सगळे गप्प उभे. संवाद घेताना फ्रिज बंदच हवा, नाहीतर प्रत्येक कटवर घरघर उडी मारते. पण दुकान खरं असेल तर आधी मालकाकडून औषधं दुसऱ्या फ्रिजमध्ये हलवून घ्या, इन्सुलिनचा साठा २ ते ८ अंशांत राहायला लागतो. गाडीची किल्ली त्या रिकाम्या फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे निघताना तो चालू करायचं विसरणार नाही.

खालच्या पट्टीतला घुमणारा ड्रोन (एकाच सुरात सलग चालणारा आवाज) टाकणार असाल तर एकदा मोबाइलच्या स्पीकरवर ऐका. ५०-६० हर्ट्झचा आवाज तिथे जवळपास गायब होतो, आणि शॉर्टफिल्म बरेच जण फोनवरच बघतात.