जपानी बायकोला घेऊन कायमचं कोल्हापूरला: मधले आठ महिने कुठल्या व्हिसावर?

राजारामपुरीकर

माझा पासपोर्ट भारतीय, बायको जपानी नागरिक. लग्नाची नोंद टोकियोत झाली, त्याला १६ महिने झाले. पुढच्या महिन्यात दोघं कायमचे कोल्हापूरला येतोय, राजारामपुरीत वडिलांच्या घरी राहणार. ओसीआयसाठी, म्हणजे परदेशी नागरिकाला भारतात कायम राहू देणाऱ्या कार्डासाठी, लग्नाला दोन वर्षं व्हावी लागतात हे वाचलंय. तोवर तिला कुठल्या व्हिसावर ठेवायचं? घरचे म्हणतात, जपान्यांना मुंबईत उतरल्यावर व्हिसा मिळतो, तो घेऊन या, बाकीचं इथं बघू. आणि महापालिकेचा दाखला हातात असावा म्हणून इथं लग्नाची पुन्हा नोंदणी करावी का?

सही_शिक्का

उतरल्यावर मिळणारा व्हिसा अजिबात घेऊ नका. तो ६० दिवसांचा. वाढवून मिळत नाही, दुसऱ्या प्रकारात बदलूनही मिळत नाही. टोकियोतून निघायच्या आधीच भारतीय दूतावासातून एंट्री व्हिसा, म्हणजे एक्स व्हिसा काढा. भारतीय नागरिकाच्या परदेशी जोडीदारासाठी तोच आहे.

ओसीआयचा अर्ज भारतातून करायचा तर अर्जदार पर्यटक व्हिसावर चालत नाही. शिवाय तो इथला सामान्य रहिवासी लागतो, म्हणजे सलग सहा महिने इथं राहिलेला. बहुतेकांचं गाडं इथंच अडतं. लग्नाला दोन वर्षं झालेली असतात, पण मुक्काम तुटक असतो.

तुमचा हिशोब असा. तुम्ही उतराल तेव्हा १७ महिने झालेले असतील. दोन वर्षं भरतात तेव्हाच सहा महिनेही भरायला हवेत, तर १८व्या महिन्यापासून २४व्यापर्यंत वहिनींनी देशाबाहेर जाऊ नये. माहेरी जायचंच असेल तर पहिल्या महिन्यात जाऊन या. नंतर गेल्या तर सहा महिन्यांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून, असं धरून चाला.

अर्ज केला की कार्ड लगेच येतं असंही नाही. परदेशी जोडीदाराच्या अर्जाला सुरक्षा पडताळणी कायद्यानेच सक्तीची आहे, दोघांची मुलाखतही होते. त्यात महिने जातात. तोवर एक्स व्हिसा चालू राहिला पाहिजे, म्हणून दूतावासातच जितकी जास्त मुदत मिळेल तितकी मागा. भारतातून अर्जाची फी १५,००० रुपये, बाहेरून २७५ डॉलर.

परत यायची घाई नसेल तर आठ महिने थांबून टोकियोतूनच ओसीआय काढणं जास्त सोपं, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुभाषी_ताई

दुसरी नोंदणी करू नका. एका लग्नाचे दोन दाखले आणि दोन तारखा झाल्या की दोन वर्षं कुठून मोजायची हा प्रश्न तुम्हीच तयार करून ठेवाल. टोकियोची नोंद पूर्ण कायदेशीर आहे, फक्त तिचा कागद नीट हवा.

तो कागद म्हणजे वहिनींचा कोसेकी तोहोन, त्यांच्या कुटुंबनोंदीचा उतारा. त्यावर जपानच्या परराष्ट्र मंत्रालयाचं, गाइमुशोचं, अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचं परदेशात चालणारं प्रमाणपत्र, लागतं. ते फुकट मिळतं, पण उतारा तीन महिन्यांच्या आतला आणि मूळ प्रत हवी. इथं आल्यावर हे करायचं म्हणजे कागद मागवा, परत पाठवा, पुन्हा मागवा. दोन प्रती करून आणा.

आता भाषांतर. कोसेकीत तुमचं नाव काताकाना लिपीत असतं. समजा आडनाव पाटील आहे. जपानीत 'ल' नाही, त्यामुळे ते 'पातिरु' असं वाचलं जातं. भाषांतरकाराने तेच रोमन अक्षरांत उतरवलं तर तुमच्या पासपोर्टवरचा पाटील आणि दाखल्यावरचा पातिरु ही दोन माणसं होतात. भाषांतराला देतानाच तुमच्या पासपोर्टची प्रत सोबत द्या आणि पासपोर्टवरचंच स्पेलिंग घ्यायला सांगा. लग्नाची तारीख जपानी शकात असते. सध्याच्या रेइवा शकाचं पहिलं वर्ष २०१९, म्हणून रेइवा ६ म्हणजे २०२४. इथं एका वर्षाची चूक झाली तर दोन वर्षांची अट कागदावर पुरी होत नाही. सही करून घेण्यापूर्वी ही ओळ स्वतः तपासा.

नावाबद्दल आणखी एक. परदेशी माणसाशी लग्न केल्यावर जपानमध्ये आडनाव आपोआप बदलत नाही, बदलायचं तर सहा महिन्यांत कळवावं लागतं. तसं केलं नसेल तर पासपोर्टवर माहेरचंच नाव आहे. इथं मग बँकेत, गॅसच्या पुस्तकावर, दवाखान्यात कुणीतरी प्रेमाने मधे तुमचं नाव घालून 'सौ. अमुक पाटील' लिहितं. लिहू देऊ नका. प्रत्येक कागदावर पासपोर्टवरचं नाव, त्याच क्रमाने.

बावडा_रोड

कोल्हापुरात पोहोचल्यावरचं सांगतो.

वहिनी घरात राहायला आल्या की २४ तासांच्या आत सी फॉर्म, म्हणजे परदेशी माणूस घरी राहायला आल्याची सरकारला द्यायची माहिती, भरायचा; २०२५च्या नव्या नियमांत त्याला फॉर्म ३ म्हणतात. तो घरमालकाने भरायचा असतो, म्हणजे तुमच्या वडिलांनी. तो फक्त हॉटेलवाल्यांसाठी आहे असं लोक समजतात आणि राहून जातं. व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्त असेल तर आल्यापासून १४ दिवसांत ई-एफआरआरओ, म्हणजे परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाच्या (एफआरआरओ) ऑनलाइन पोर्टलवर नोंदणी. जिल्ह्यात परदेशी नागरिकांची नोंद पोलीस अधीक्षकांकडे असते, कार्यालय कसबा बावडा रस्त्यावर. अर्ज ऑनलाइनच करायचा, तिथून बोलावलं तर मूळ कागद घेऊन जायचं. पुढे ओसीआयचा अर्ज मात्र मुंबईच्या एफआरआरओकडे जातो. मुलाखतीला बोलावलं तर दोघांनी महालक्ष्मी एक्स्प्रेसने जायची तयारी ठेवा.

पत्त्याचा घोळ आपल्याकडे हमखास होतो. घरफाळ्याच्या पावतीवर ई वॉर्ड आणि सिटी सर्व्हे नंबर, लाईट बिलावर गल्लीचा नंबर, तुमच्या आधारवर तिसरंच काहीतरी. पोर्टलवर एक पत्ता भरला आणि पुरावा दुसऱ्या पत्त्याचा जोडला तर अर्ज शंका काढून परत येतो. सगळ्यांत ताजं लाईट बिल घ्या, त्यावरचा पत्ता अक्षर न अक्षर सगळीकडे भरा. बिल वडिलांच्या नावावर असणार, तर 'मुलगा व सून माझ्या घरी राहतात' असं त्यांचं संमतीपत्र आणि त्यांच्या आधारची प्रत लावा. पडताळणीला पोलीस घरी येतात, घरच्यांना आधी सांगून ठेवा.

राजारामपुरीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन शंका राहिल्या. तिला जपानी शिकवायचंय, एक्स व्हिसावर चालेल का? आणि जपानमध्ये दुहेरी नागरिकत्व चालत नाही, तर ओसीआय घेतल्यावर तिचा जपानी पासपोर्ट जाईल का? वडिलांची करवीर तालुक्यात उसाची जमीन आहे, त्यात तिचं नाव घालायचं असं ते म्हणतात.

सही_शिक्का

एक्स व्हिसावर नोकरी करता येत नाही. क्लासची जाहिरात, फीच्या पावत्या, काहीच नको. ओसीआय हातात आल्यावर करा.

जपानी पासपोर्ट जाणार नाही. ओसीआय हे नावाला नागरिकत्व, प्रत्यक्षात आजीवन व्हिसा आहे. मतदान नाही, भारतीय पासपोर्ट नाही. जपानी नागरिकत्व जातं ते स्वतःहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतल्यावर. भारताचं पूर्ण नागरिकत्व इथं सात वर्षं राहून मागता येतं, तेव्हा हा प्रश्न येईल.

जमिनीचं वडिलांना आत्ताच सांगा. ओसीआयधारकाला शेतजमीन, फार्महाऊस किंवा मळ्याची जमीन विकत घेता येत नाही, बक्षीसपत्रानेही मिळत नाही. वारसाने येऊ शकते. फ्लॅट किंवा दुकानगाळा घ्यायला हरकत नाही.

आणि कार्ड मिळालं म्हणून फाईल बांधून ठेवू नका. जोडीदार म्हणून मिळालेलं ओसीआय लग्न टिकून असेपर्यंतच. वहिनींचा पासपोर्ट नवा झाला की तीन महिन्यांच्या आत त्याची प्रत, ताजा फोटो आणि लग्न कायम असल्याचं प्रतिज्ञापत्र पोर्टलवर चढवावं लागतं. पासपोर्ट पाच वर्षांचा आहे की दहा, ते बघून तारीख आत्ताच लिहून ठेवा.