रस्त्यात पुरायचे बिनतारी सेन्सर : आपल्या चौकांत चालतील का?

रात्रपाळी :
सेकंड शिफ्ट सुटली की रात्री साडेअकराला एका चौकात मी रोज नव्वद सेकंद उभा असतो. आडव्या रस्त्यावर चिटपाखरू नसतं. सिग्नल घड्याळावर चालतो, त्याला मी दिसतच नाही.

यावरचा उपाय कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत निघालाय. सेन्सिस नेटवर्क्स ही कंपनी काढणाऱ्यांतले प्रवीण वरैया मूळचे मुंबईचे, तिथल्याच व्हीजेटीआय या इंजिनीअरिंग कॉलेजात शिकलेले. लेनच्या मधोमध चार इंची भोक पाडायचं, मुठीएवढा सेन्सर ठेवायचा, वर इपॉक्सी, म्हणजे घट्ट होणारी चिकट राळ, ओतायची. गाडीच्या लोखंडाने पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र किंचित वाकतं, ते हा ओळखतो आणि रेडिओवरून खांबावरच्या डब्यामार्फत सिग्नलला कळवतो. बॅटरी कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे दहा वर्षं. जुन्या पद्धतीत करवतीने रस्ता चिरून तारेची वेटोळी, म्हणजे लूप, पुरतात, १९६० च्या दशकापासून तेच चाललंय. तार तुटली की लूप मेला. आपण हे सेन्सर बसवावेत असं माझं स्पष्ट मत.

डांबरट :
वीस वर्षं डांबरीकरणात घालवली आहेत, म्हणून बोलतो. तुमचं ते भोक जेमतेम सव्वादोन इंच खोल असतं. मिलिंग मशीन एका फेरीत दीड-दोन इंच खरवडतं. दहा वर्षांची बॅटरी तिसऱ्या पावसाळ्याआधी डंपरमध्ये! अहो, दोन थर चढले की आमच्या माणसांना ड्रेनेजचं चेंबर सापडत नाही. पहार आपटत जातात आणि पोकळ आवाज आला की तिथे खणतात. तुमच्या सेन्सरला तर आवाजही नाही.

रात्रपाळी :
@डांबरट, म्हणजे रस्ते नीट होत नाहीत म्हणून सिग्नलही नीट नकोत?

डांबरट :
नाही हो. आधी कोण कधी खणणार ते एका वहीत लिहा, मग पुरा काय पुरायचं ते.

फ्रीमाँटकर :
मी कॅलिफोर्नियात, बे एरियात सायकलने ऑफिसला जातो. इथे लेनमध्ये डांबराने बुजवलेली सहा फुटी गोल चीर दिसते, तो लूप. सायकलवाल्यांना ठाऊक असतं की मध्ये थांबायचं नाही, चाकं त्या चिरेवरच ठेवायची, तेव्हा कुठे दिवा बदलतो. लूपला ॲल्युमिनियमची रिमसुद्धा कळते, कारण धातूतून वीज वाहिली की त्याचं काम झालं. चुंबकीय सेन्सरला मात्र लोखंडच लागतं. माझी सायकल त्याच्या लेखी जवळजवळ नाहीच. कॅलिफोर्नियाने २००७ मध्ये कायदाच केला की गाडी ओळखून बदलणारे नवे सिग्नल बसवताना सायकल आणि मोटरसायकलही ओळखता आली पाहिजे. हे आपोआप झालं नाही, त्यासाठी लोकांना भांडावं लागलं.

उजवीकडे_वळा :
इथेच गाडं अडतं. सेन्सर लेनच्या मधोमध, आणि आपली लेन कुठे असते? दोन बसच्या फटीतून पाच स्कूटर पुढे सरकतात, स्टॉप लाइन ओलांडून झेब्रावर जाऊन उभ्या राहतात. सेन्सर मागे रिकामा! सिग्नलला वाटणार, या बाजूला कुणीच नाही. तिरुवनंतपुरमच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने कॉसिकॉस्ट ही सिग्नलची प्रणाली लेन न पाळणारी, मिसळीसारखी वाहतूक धरूनच बनवली. गाड्या मोजायला कॅमेरा लावा, निदान सगळा रस्ता दिसतो.

रात्रपाळी :
कॅमेऱ्याला धो धो पावसात काय दिसतं ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. सेन्सरला पाऊस, धूळ, अंधार काही फरक पडत नाही. आणि मला गाड्या मोजायच्याच नाहीत. ‘कुणीतरी थांबलंय’ एवढं कळलं तरी पुरे. एका भोकाऐवजी चार पाडा, स्टॉप लाइनच्या पुढेही पाडा.

पायी_पायी :
सगळे गाडीवालेच बोलताय. माझ्या अंगात लोखंड आहे ते हिमोग्लोबिनापुरतं, तेही डॉक्टर म्हणतात कमीच आहे. गाडी नाही दिसली की हिरवा आटोपता घेणारा सिग्नल असेल, तर माझ्या आईने रस्ता ओलांडायचा कधी? तिला दुभाजकापर्यंतच वीस सेकंद लागतात. पादचाऱ्यांसाठी बटण आणि किमान वेळ ठरलेली नसेल, तर मला ते नव्वद सेकंदच बरे.

रात्रपाळी :
@पायी_पायी, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. किमान वेळ हवीच, बटणही.

डांबरट :
आमच्या चौकातले मामा सकाळी डब्याला किल्ली लावून सिग्नल हाताने चालवतात. शाळा कधी सुटते, कुठली बस उशिरा येते, सगळं पाठ. म्हातारी दिसली तर चारी बाजू थांबवतात. लावा याला सेन्सर!

रात्रपाळी :
मामा नऊला घरी जातात. मी साडेअकराला येतो.

उजवीकडे_वळा :
मग रात्री अकरानंतर पिवळा लुकलुकता ठेवा की, फुकटात काम.

फ्रीमाँटकर :
आणि आडव्या रस्त्याने ऐंशीच्या वेगात येणारा टँकर त्या पिवळ्याला थांबेल?

रात्रपाळी :
तोच तर रोज येतो. फक्त माझे नव्वद सेकंद संपून हिरवा लागला की.